घेवड्याच्या बियाण्याची जबाबदारी घ्या : कृषी संशोधनाची दिशा ठरविणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्याच्या कृषी संशोधनाची दिशा आणि बियाणे धोरण ठरविणारे सर्व मान्यवर

विषय : सातारा जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यासाठी घेवड्याचे सुधारित वाण आणि वाघ्या घेवड्याचे शुद्ध बियाणे मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये डाळींच्या आत्मनिर्भरतेसाठी सहा वर्षांच्या अभियानाला मंजुरी दिली. 11,440 कोटी रुपयांची तरतूद, 2030-31 पर्यंत 350 लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट, शेतकऱ्यांना 88 लाख बियाणे संच मोफत, असा त्याचा आवाका आहे आणि त्यात तूर, उडीद व मसूर या तीन पिकांवर विशेष भर आहे. या पिकांना बळ मिळावे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तूर आमच्याही रानात असते. मात्र ज्या पिकावर आमच्या भागातील कोरडवाहू शेतकऱ्याचा खरीप वर्षानुवर्षे उभा राहिला, त्या घेवड्याला या आखणीत ठळक जागा नाही, आणि ही उणीव राज्याने स्वतःहून भरून काढावी यासाठी काही हालचाल झाल्याचे आमच्या गावापर्यंत तरी आलेले नाही. अर्ज, निवेदने आणि मेळाव्यांतील प्रश्नोत्तरे करून झाली. आता हेच म्हणणे सर्वांसमक्ष मांडावे, असे ठरवून हे पत्र लिहीत आहे.

मी कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात शेती करते. वाठार स्टेशन, देऊर, पिंपोडे बुद्रुक ही या पट्ट्याची ओळखीची गावे. पाऊस कमी आणि लहरी, रान बरेचसे हलके ते मध्यम. अशा रानात घेवडा टिकला तो त्याच्या मुदतीमुळे. मृगाच्या किंवा आर्द्राच्या पावसावर पेरलेला घेवडा सत्तर ते पंच्याहत्तर दिवसांत काढणीला येतो, रान वेळेवर मोकळे होते आणि त्याच ओलीवर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरता येतो. घेवड्याच्या पैशांत दिवाळी, मुलांच्या फिया आणि दुकानाची उधारी भागते. शाळवातून वर्षाची भाकरी आणि जनावरांची वैरण निघते. ही जोडी मोडली की कोरडवाहू घराचा वर्षाचा हिशेब मोडतो. सोयाबीनने घेवड्याची बरीच जागा घेतली आहे, आणि ज्यांनी ती दिली त्यांना मी दोष देत नाही. सोयाबीनचे नवे वाण येत राहिले, बियाणे दुकानात मिळत राहिले, हमीभाव जाहीर होत राहिला. घेवड्याला यांतले काहीच सातत्याने मिळाले नाही. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत राजमा, म्हणजे वाळलेल्या दाण्याचा घेवडा, नाही, हे आपण जाणताच. पण आजचे माझे गाऱ्हाणे भावाचे नसून बियाण्याचे आहे.

आमच्या वाघ्या घेवड्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फिकट दाण्यावर तांबड्या रेघा असलेला हा घेवडा कोरेगावचा म्हणून देशाच्या नोंदवहीत चढला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु मानांकनाने नावाचे रक्षण होते, झाडाचे होत नाही. मानांकनानंतर या वाणाचे शुद्धीकरण कोणी करायचे, त्याचे मूळ बियाणे कोणाकडे राखायचे आणि ते दरवर्षी शेतकऱ्याच्या हाती कसे द्यायचे, हे प्रश्न तसेच पडून राहिले. आज दोन शेजाऱ्यांच्या रानातला वाघ्या एकसारखा नसतो. एकाचा आधी पिवळा पडतो, दुसऱ्याचा हिरवाच उभा असतो. एकाच्या दाण्यावरची रेघ ठळक, दुसऱ्याची पुसट. एकाच रानातही शेंगा मागेपुढे वाळतात, त्यामुळे काढणीला थांबावे तर आधीची शेंग फुटते आणि घाई करावी तर कोवळा दाणा सुरकुततो. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो, माल मिसळ आहे म्हणतो आणि भाव उतरवतो. त्याचे म्हणणे खोटे नसते.

बियाणे आम्ही घरचेच राखतो. घेवडा स्वपरागीभवनाचे, म्हणजे फूल स्वतःच्याच परागाने फळणारे, पीक असल्याने ते राखता येते, हा या पिकाचा मोठा गुण आहे. मळणी झाली की सासूबाई सूप घेऊन बसतात. ठळक रेघेचा, भरलेला, डाग नसलेला दाणा एका बाजूला आणि बाकीचा विक्रीला, अशी निवड त्या इतक्या झपाट्याने करतात की पाहणाऱ्याला त्यांच्या बोटांचा वेग कळत नाही. नंतर ते बी कडक उन्हात वाळवून राखेत मिसळून ठेवले जाते, म्हणजे भुंगा लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या निवडीनेच वाघ्या टिकला. पण या निवडीची एक मर्यादा आहे आणि ती केवळ संशोधकच ओलांडू शकतो. घेवड्याचा मोझॅक हा विषाणूजन्य रोग बियाण्यातून पुढच्या पिकात जातो आणि तेथून मावा तो झाडाझाडांवर नेतो. रोगट झाडाचे बी पुष्कळदा निरोगी बियांसारखेच दिसते. सुपातला सर्वांत सुंदर दाणा आजारी झाडाचा असू शकतो, हे डोळ्यांना कळण्याची सोय नाही. करप्याचेही तसेच, त्याची बुरशी बियांत दडून बसते आणि पाऊस लागला की शेंगांवर खोलगट काळपट डाग उमटतात. आपल्या प्रयोगशाळांत याची तपासणी होऊ शकते. विषाणूला दाद न देणारी जनुके जगात केव्हाच ओळखली गेली आहेत आणि अनेक देशांतील पैदासकारांनी ती आपापल्या वाणांत आणलीही आहेत. आमच्या वाघ्यात मात्र ती आणण्याचे काम कोणाकडे सोपवले आहे, हे विचारूनही आम्हाला समजलेले नाही.

जे झाले त्याची नोंद न करणे योग्य होणार नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला ‘वरुण’ हा घेवडा आमच्या भागात रुजला. त्याने उत्पादन दिले, व्यापाऱ्यांनी तो स्वीकारला आणि अनेक घरांनी वाघ्याच्या जोडीने तो पेरला. म्हणजे चांगला वाण मिळाला तर हा शेतकरी तो आपलासा करतो, हे सिद्ध झालेलेच आहे. परंतु वरुणला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. एवढ्या काळात पावसाची तऱ्हा बदलली, रोग बदलले, मजुरीचे गणित बदलले. त्यानंतर प्रसारित झालेले वाण विद्यापीठाच्या शिफारशींत असतील. आमच्या भागातील दुकानांत मला ते मिळालेले नाहीत. जे बियाणे शेतात येत नाही, ते शेतकऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वात नसते.

घेवडा अभ्यासाच्या दोन दालनांमध्ये अडकला आहे, हेही मला येथे सांगितले पाहिजे. हिरव्या शेंगेसाठी पिकवला की तो भाजीपाला, वाळलेल्या दाण्यासाठी पिकवला की कडधान्य. ‘कंटेंडर’, ‘अर्का कोमल’ यांसारखे वाण भाजीसाठी उत्तम आहेत, पण त्यांचा दाणा आमच्या बाजाराच्या कामाचा नाही. दुसरीकडे, राजम्याच्या सुधारित वाणांत ‘उदय’सारखे वाण उत्तर भारतातील मैदानी प्रदेशाच्या रब्बी हंगामासाठी, सिंचन आणि थंडी गृहीत धरून तयार झाले. आमचा घेवडा खरिपाचा, पावसावरचा आणि सत्तर-पंच्याहत्तर दिवसांचा. त्या चौकटीत बसणाऱ्या वाणासाठी आमच्याच हवामानात वर्षानुवर्षे निवड करावी लागेल. बाहेरचे तयार बी आणून पेरल्याने ते साधत नाही.

आता रानातली नेमकी अडचण सांगते, कारण पैदास कार्यक्रमाची उद्दिष्टे येथूनच निघायला हवीत. घेवडा फुलावर असताना पावसाने मोठा खंड दिला आणि त्यात रात्री उबदार राहिल्या की फुले आणि कोवळ्या शेंगा गळतात. पुढे काढणीच्या वेळी परतीच्या पावसाची झड लागली की दाण्याच्या भाराने कललेल्या झाडाच्या खालच्या शेंगा मातीला टेकतात, दाणा काळवंडतो आणि कधी शेंगेतच मोड येतात. उपटलेले झाड वाळत घालायला जागा नसते. चार दिवसांच्या अशा पावसात चांगल्या पिकाचा डागी माल होतो. याला उत्तर म्हणजे ताठ उभे राहणारे, शेंगा जमिनीपासून वर धरणारे आणि एकाच वेळी वाळणारे झाड. हे स्वप्नरंजन नाही. हरभऱ्यात ‘फुले विक्रम’ हा उंच वाढणारा आणि यंत्राने काढता येणारा वाण आपल्याच राज्यात तयार झाला. तुरीत बदनापूरच्या ‘बीएसएमआर-736’ने वांझ रोग आणि मर रोगाशी झुंज दिली, तर ‘बीडीएन-711’ने लवकर तयार होण्याचा गुण दिला. हेच शास्त्रज्ञ, हीच केंद्रे, हीच पद्धत. घेवड्यासाठी हे झाले नाही, कारण ते करायला कोणी सांगितले नाही आणि त्यासाठी निधी ठेवला नाही, असेच मला दिसते.

आणखी एक गोष्ट खर्चाची आहे. इतर कडधान्ये मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र मिळवतात, म्हणून त्यांना हेक्टरी वीस-पंचवीस किलो नत्र पुरते. घेवड्याच्या मुळांवर आपल्याकडच्या जमिनींत गाठी नीट धरत नाहीत आणि म्हणून त्याला हेक्टरी शंभर किलोच्या आसपास नत्राची शिफारस केली जाते. कोरडवाहू शेतकरी एवढे खत घालत नाही, आणि घातले तरी पावसाने दडी मारली तर ते वाया जाते. गाठी धरणाऱ्या वाणांची निवड आणि त्यांच्याशी जुळणारे जिवाणू संवर्धक ही दोन्ही कामे एकत्र करावी लागतील.

जगात या पिकावर काय चालले आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तरी वाचकांसाठी लिहिते. घेवडा मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबियातील पाल्मिरा येथील आंतरराष्ट्रीय केंद्राच्या जनुक पेढीत घेवड्याचे आणि त्याच्या रानटी भाईबंदांचे हजारो नमुने जपलेले आहेत. तेथील संशोधकांनी वाळवंटी भागातल्या ‘टेपारी’ या घेवड्याच्या जातीशी संकर करून उष्णता सोसणाऱ्या ओळी, म्हणजे नवे वाण घडवण्यासाठी निवडलेले वंश, मिळवल्या आणि 2015 मध्ये त्या जगापुढे मांडल्या. मेक्सिकोतील रानटी घेवड्यात साठवणुकीतल्या भुंग्याला रोखणारे प्रथिन सापडले आहे. 2014 मध्ये घेवड्याचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला, त्यामुळे हवा तो गुण रोपावस्थेतच तपासून निवड करणे शक्य झाले आहे. अन्न व शेतीच्या वनस्पती संपदेविषयीचा जो आंतरराष्ट्रीय करार 2004 पासून अमलात आहे, त्याच्या सामायिक पिकांच्या यादीत घेवडा आहे आणि भारत त्या करारात आहे. म्हणजे मूळ साहित्य मागवण्याची वाट खुली आहे.

पण मला सर्वांत जास्त शिकण्यासारखे वाटते ते रुवांडाचे उदाहरण. त्या डोंगराळ, छोट्या देशात घेवडा हे रोजचे अन्न आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तेथे अनुभवी शेतकरी स्त्रियांना संशोधन केंद्रातल्या चाचणी वाफ्यांत बोलावले गेले आणि अजून प्रसारित न झालेल्या वाणांतून त्यांनी आपल्या रानाला साजेसे वाण निवडावेत, अशी संधी दिली गेली. कोणते झाड केळीच्या सावलीत तग धरील, कोणाची शेंग पावसात कुजणार नाही, कोणाचा पाला भाजीला चालेल, हे त्या पाहत होत्या. त्यांनी निवडलेले वाण त्यांच्या शेतात संशोधकांच्या निवडीपेक्षा सरस ठरले. पुढे 1996 मध्ये आफ्रिकी देशांनी घेवडा संशोधनासाठी मिळून आघाडी उभारली आणि रुवांडातच लोहाचे प्रमाण अधिक असलेले घेवडे शेतकऱ्यांपर्यंत गेले.

आपल्याकडे वाणाची परीक्षा मुख्यतः हेक्टरी क्विंटलवर होते. उत्पादन महत्त्वाचे आहेच. परंतु आमच्यासाठी पंच्याहत्तर दिवसांचा घेवडा नव्वद दिवसांचा झाला, तर दोन क्विंटल वाढूनही शाळवाची ओल जाते आणि तो वाण तोट्याचा ठरतो. दाणा शिजायला वेळ लागला, आमटीला दाटपणा आला नाही किंवा रेघ पुसट झाली, तर घरात आणि बाजारात दोन्हीकडे तो नाकारला जातो. या कसोट्या कोणत्याही चाचणी तक्त्यात रकाने म्हणून यायला हव्यात. त्या कोण ठरवील? बियाणे निवडणाऱ्या बाया ठरवतील. आजवर आमच्या गावातल्या एकाही बाईला चाचणीच्या शिवारात मत विचारण्यासाठी बोलावलेले मी पाहिलेले नाही. शिवारफेरीत आम्हाला तयार वाण दाखवले जातात, टाळ्या होतात आणि जेवण करून गाड्या परत येतात.

बियाणे साखळीबद्दल थोडक्यात सांगते. वाण कितीही चांगला असला तरी पैदासकार बियाण्याची, म्हणजे वाण तयार करणाऱ्याकडच्या मूळ बियाण्याची, मागणीच नोंदवली नाही, तर त्यापासून वाढवले जाणारे पायाभूत आणि पुढे शेतकऱ्याला मिळणारे प्रमाणित बियाणे तयार होत नाही. कमी क्षेत्राचे पीक म्हणून मागणी नोंदवायची नाही, बियाणे नाही म्हणून क्षेत्र घटवायचे आणि क्षेत्र घटले म्हणून पुन्हा मागणी नोंदवायची नाही, असे हे चक्र आहे. त्यात भर म्हणजे अनुदानाच्या योजनांमध्ये दहा वर्षांच्या आतील वाणांना प्राधान्य असते. नवा वाण येत नाही आणि जुन्याला अनुदान बसत नाही, अशा कोंडीत घेवडा सापडतो. दाणा टपोरा असल्याने एकरी बियाणे बरेच लागते, म्हणून विकत घ्यायचे झाले तर हा खर्च अंगावर येतो. मागच्या एका हंगामात मी घेवड्याचे म्हणून विकत घेतलेल्या पिशवीतल्या बियाण्याची उगवण निम्म्याच्या आसपासच झाली आणि उगवलेल्या रोपांत तीन तऱ्हेची झाडे होती. तक्रार केली. पंचनाम्याला येईपर्यंत दुबार पेरणीची वेळ टळून गेली होती.

हे सर्व मांडल्यावर आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत सांगते.

वाघ्या घेवड्याचे जुने नमुने घराघरांतून गोळा करावेत, त्यांची शास्त्रीय तपासणी करून शुद्ध आणि विषाणूमुक्त ओळी निवडाव्यात आणि त्यांचे मूळ बियाणे राखण्याची जबाबदारी एका निश्चित केंद्रावर, नाव आणि निधीसह, लेखी सोपवावी. हे काम सर्वांत आधी सुरू करावे, कारण यासाठी संकराची वाट पाहावी लागत नाही. दोन-तीन हंगामांच्या निवडीतूनही त्याचा फायदा दिसू लागेल. नमुन्यांची एक प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत जावी. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 चा आहे; त्यानुसार वाघ्याची शेतकरी वाण म्हणून नोंदणी शेतकऱ्यांच्या समूहाच्या नावे करण्यासाठी कृषी खात्याने कागदपत्रांची मदत करावी. नोंदणीचे श्रेय आणि लाभ या गावांचाच राहावा.

याच्या बरोबरीने, दीर्घ मुदतीचा संकर कार्यक्रम हाती घ्यावा. घेवड्याचे फूल उमलण्याच्या सुमारासच स्वतःच्या परागाने फळते, म्हणून संकरासाठी आदल्या संध्याकाळीच कळी चिमट्याने उघडून परागकोष काढावे लागतात आणि फुलामागे मोजकेच दाणे हाती येतात. हे चिकाटीचे काम आहे आणि संकरापासून वाणापर्यंत आठ-दहा वर्षे लागतात, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणूनच हा कार्यक्रम एखाद्या अधिकाऱ्याच्या बदलीवर किंवा एका वर्षाच्या तरतुदीवर अवलंबून ठेवू नये. किमान दहा वर्षांचा निधी त्यासाठी बांधून द्यावा. खरीप आणि सिंचनाखालचा रब्बी मिळून वर्षाला दोन पिढ्या घेता येतील, तर काळ कमी होईल. उद्दिष्टे अशी असावीत : पंच्याहत्तर दिवसांची मुदत, मोझॅक आणि करप्याला प्रतिकार, ताठ झाड, एकाच वेळी पक्वता आणि वाघ्याची रेघ व चव कायम. या यादीतले शेवटचे कलम वगळून मिळवलेला वाण आम्हाला नको आहे.

चाचण्या आमच्या रानात, पावसाच्या पाण्यावर घ्याव्यात, आणि वाण जॉइंट ॲग्रेस्कोच्या, म्हणजे राज्यातील कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीच्या, बैठकीत शिफारशीसाठी जाण्यापूर्वी उत्तर कोरेगावातल्या शेतकरी स्त्री-पुरुषांची लेखी निवड त्या प्रस्तावाला जोडणे बंधनकारक करावे. ज्या स्त्रिया या कामासाठी दिवस देतील, त्यांना त्या दिवसाची मजुरी मिळावी.

कडधान्य अभियानातून राज्याच्या वाट्याला येणाऱ्या बियाणे संचांत घेवड्याचा समावेश करण्यासाठी राज्याने केंद्राकडे औपचारिक प्रस्ताव पाठवावा आणि तो मान्य होईपर्यंत स्वतःच्या निधीतून बीजोत्पादन सुरू करावे. गावातल्या शेतकरी गटांना बीजोत्पादक म्हणून प्रशिक्षण आणि पायाभूत बियाणे दिले, तर प्रमाणित बियाणे तालुक्यातच तयार होऊ शकेल. पैदासकार बियाण्याची मागणी किती नोंदवली आणि पुरवठा किती झाला, हे आकडे दरवर्षी पेरणीपूर्वी मराठीत जाहीर करावेत.

चाचणीसाठी रान द्यायला आमच्या भागातील शेतकरी तयार आहेत. घरोघरीचे बियाणे नमुने गोळा करण्याचे काम आमचा महिला गट करील. प्रत्येक नमुन्यासोबत तो कोणत्या गावचा, किती वर्षांपासून घरात आहे आणि बी कोण राखते, याची नोंद आम्ही देऊ. नमुने घेण्यासाठी काढणीच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरमध्ये, आपला माणूस यावा, कारण तेव्हाच झाड, शेंग आणि दाणा एकत्र पाहता येतात. त्या दृष्टीने या पत्रातील प्रत्येक मागणीवर आपला निर्णय, होकार असो वा कारणासह नकार, येत्या खरिपाच्या पेरणीपूर्वी जाहीर करावा, ही विनंती.

कळावे,

आपली,
कोरेगाव तालुक्यातील एक घेवडा उत्पादक शेतकरी